तिसरं वळण

शनिवारी दिवे लागले
की तंबाखूच्या शेतापलीकडून आधी पतंग येतात,
मग माणसं.

व्हर्लिन टो-ट्रकमध्ये बसून,
तिसऱ्या वळणाच्या आतल्या अंगाला.
काम न लागो, एवढंच मागणं;
पैसे मात्र कामाचेच मिळतात.

बावीस गाड्या. जळक्या रबराचा वास,
तळल्या कांद्याचा,
आणि जमिनीतून मांडीच्या हाडापर्यंत
चढत येणारी घरघर.
रोवेना एकोणिसावी. टायरच्या दुकानातली पोर.
बंपरला तारेचे टाके,
दार भंगारातून आणलेलं,
त्यावर घाईत मारलेला निळ्या रंगाचा एकच हात.

दिवसा कळत नाही.
दिव्यांखाली गाडी तिरकी झाली
की निळ्याच्या आतून वर येतो
जुना आकडा, सात.

त्याचाच.
भिंतीला बसला त्या रात्रीनंतर
किलोवर विकलेल्या गाडीचं दार.
तिला ठाऊक नाही.
तोही सांगायला गेला नाही.

सोळा सेकंदांनी एकदा
सात येतो,
सात जातो.

आज ती सतरावी आली.
दिवे विझले, माणसं पांगली,
कुणी तरी ओरडलं, व्हर्लिन, फाटक लावतोय!
त्याने किल्ली फिरवली नाही
बराच वेळ.
हुकावर एक पतंग बसला होता.