कुमसाराची पेटी

पाद्रीने इगर्जीच्या भिंतीवर कोळशाने काढून दाखवलं:
कपाटासारखं कपाट, पण आत कपडे नाहीत, माणूस.
एका अंगाला तो बसणार,
दुसऱ्या अंगाला गुडघे टेकून आम्ही,
मधे फळी, फळीला भोकं.
भोकं केवढी? मी विचारलं.
म्हणाला, बोट जाता कामा नये. शब्द जावा.

रेवदंड्यात असलं काम आधी कुणी सांगितलं नव्हतं.
जुना पाद्री विहिरीच्या काठावर तिवईवर बसून
कान खाजवत आमचं कुमसार ऐकायचा,
मधेच पोफळीवरच्या वानराला हाकलायचा,
आणि रात्री माडी प्यायला की
कुणाकुणाची पापं नाव गाळून सांगायचा.
नाव गाळलं तरी गाव केवढं!

तो मेला. हा आला, गलबतातून,
वाळवीने अर्धी खाल्लेली पुस्तकं घेऊन.
याच्याकडे वही आहे.
जन्मला कोण, कुणाचा; लग्न असेल तर दोन साक्षीदार.
माझी नि लुक्रेसची गाठ वाळूत हातात हात देऊन पडली होती,
ती याने पुन्हा बांधायला लावली,
धाकटी कडेवर असताना.
एवढं सगळं एकदम कशाला? मी म्हटलं.

तेव्हा ढलप्यांच्या ढिगावर बसून त्याने सांगितलं:
दूर उत्तरेत, माझ्या मुलखाकडे,
एकाने देवळाच्या दारावर कागद ठोकला.
कागदातलं बरंचसं खरं होतं, हीच पंचाईत.
अर्धं घर उठून गेलं.
उरलेल्यांनी मग केरसुणी हातात घेतली.

मला खिळ्याचंच नवल वाटत राहिलं.
इथली खारी हवा दोन वर्षांत खिळा खाते,
मी सागाला सागाच्याच खुंट्या मारतो.

नऊ दिवसांचं काम. अकरा लावले.
जाळीचा नमुना घेतला
घोडे विकणाऱ्या हुर्मुझी व्यापाऱ्याच्या माडीवरून,
तिथे बायका जाळीआडून बंदर बघायच्या.
पाद्रीला हे सांगितलं नाही.

पहिला मीच बसलो.
गुडघ्याखालची फळी हलते का बघावं म्हणून,
आणि मग उठता येईना.
म्हटलं, दोन दिवसांची मजुरी जास्त घेतली, दोन लारी.
तांदळाच्या मडक्याचं काही बोललो नाही.
मडक्यात जे आहे ते माझ्या आईचं आहे.

पलीकडे बराच वेळ काही नाही.
उंडीच्या तेलाचा वास. खाडीवर कुणीतरी होडी ओढत होतं.
मग मोडक्या मराठीत, अगदी हळू:
माझा भाऊ. तिकडे गेला. त्या दाराच्या लोकांत.
बर्फ पडत होतं. मी त्याला कुत्रा म्हणालो.
सात पत्रं आली त्याची. फोडली नाहीत.

बर्फ म्हणजे काय, ते त्याने मागे
मिठागर दाखवून समजावलं होतं:
असंच, फक्त हातात धरलं की रडतं.

भोकाला दोन तोंडं असतात.
इतकी वर्षं गिरमिट फिरवलं,
मला हे ठाऊक असायला हवं होतं.

त्याच्याकडे माफ करायचे लॅटिन शब्द आहेत.
माझ्याकडे काय?
मी नुसता खोकलो,
इथेच आहे एवढं कळावं म्हणून.

थोड्या वेळाने त्याने घसा साफ केला.
दोन लारी परत कर म्हणाला,
आणि प्रार्थना सांगितल्या. किती, ते मोजायचं राहिलं.

ऐकलेलं बाहेर काढायचं नाही, अशी आण त्याला आहे.
मला कुणी घातलेली नाही.

घरी लुक्रेस मासळी साफ करत होती.
कशी झाली पेटी? तिने विचारलं.
बरी झाली, म्हटलं.
दार जरासं कुरकुरतं.