खडा

चैतात निपाणीला शिंकतच उतरावं लागतं.
वखारींतून जरदा उडतो,
आणि अक्कोळ रोडच्या तोंडाला
अप्पालाल मुजावर नाकाला रुमाल बांधून
लायटरमध्ये गॅस भरत बसलेला असतो.
पाटीवर वर कानडी, खाली मराठी.
खालची ओळ दोनदा पुसली, तीनदा रंगवली.
'गॅस' मात्र दोन्हींत गॅसच.

त्याने आयुष्यात एक बिडी ओढलेली नाही.

काचेच्या पेटीत विकायला नसलेलं:
आज्याची चकमक, बैलाच्या शिंगाची नळी,
तीत सावरीचा जळका कापूस
अजून एखादी ठिणगी येईल म्हणून दबून बसलेला.
गार म्हणे गारगोटीहून आणलेली.
गावाच्या नावावरून आज्यानेच रचलं असणार.
शेजारी वीतभर सुंभ.
पानपट्टीच्या खांबाला दिवसभर धुमसायचा,
येणाराजाणारा मान वाकवून
तोंडातली बिडी टेकवायचा त्याला.
पैसे पडत नव्हते, जात विचारत नव्हते.
जळक्या टोकाला पीळ तसाच आहे.

मग काडतुसाचं नळकांडं.
पलटणीतला कुणी दौलू इंगळे
बेळगावहून गेला, इटलीहून हे घेऊन आला;
आत वात, पेट्रोल, वर पितळी चाक.
कसल्याही वाऱ्यात विझत नाही म्हणायचा,
आणि वारा आला की पाठ फिरवायचा.
मग चौकोनी, झाकणाचे, तंबाखूच्या दलालांचे:
सौदा जमला की टक्, तुटला की टक्.

आता चिनी. दहाला एक, पोटात निळं पाणी,
बुडाला टॉर्च. एक तर गाणं म्हणतो.
"हे फेकायचेच असतात," मी म्हटलं.
"फेकत न्हाईत की वो लोक," म्हणत अप्पालालने
बुडाला भोक पाडून वाल्व्ह बसवला.
पेपरात त्या दिवशीही
'सीमाप्रश्नी शाब्दिक चकमक'.
तेवढा तुकडा फाडून त्याने
गळका लायटर पुसला.

गंगव्वा मगदूम आली,
बोटांची टोकं पानांनी काळी,
चाळीस वर्षं, रोजच्या हजार बिड्या.
कनवटीच्या पिशवीतून लायटर काढला.
"ह्यांचा हाय. गॅस नगं. खडा तेवढा घाला."
"गॅसबिगर पेटायचा न्हाई, मावशी."
"पेटवायचंय कुणाला."

चिमट्याने खडा, मग स्प्रिंग, मग स्क्रू.
तिने उन्हाकडे पाठ केली, पदराची सावली धरली
आणि चाक ओढलं.
पडली.
पुन्हा ओढलं.
"हां. असाच आवाज यायचा परड्यातनं.
मग खोकला."

पाच रुपये. तिने मोजून दिले, त्याने मोजून घेतले.

उतारावरून ती गेली कारखान्याकडे.
भर उन्हात ठिणगी कुठली दिसायला;
अंगठा तेवढा हलत होता
वळणापर्यंत.