अतिरिक्त कार्यभार

क्रीडा संचालक : पद रिक्त.
तसं लिहिलं आणि खाली माझं नाव टाकलं.
ग्रंथपाल. अतिरिक्त कार्यभार. मानधन निरंक.

वैरागडे सर निवृत्त झाले तेव्हा
शिट्टी माझ्या टेबलावर ठेवून गेले,
तारखेच्या शिक्क्याशेजारी.
व्हॉलीबॉल मी शिकले कपाट नऊमधून.
क्रमांक ७९६.३२५, पाने एकशे चौदा,
आकृती तीनमध्ये एक बाई हवेत,
खाली टीप : सरावाने जमते.

पहिल्याच संध्याकाळी चेंडू माझ्या चष्म्यावर.
"मॅडमजी, तुमी बाजूला सरका ना जी!"
तेव्हापासून रेषेबाहेर उभी राहून
मी फक्त गुण मोजते.

जाळं फाटलं. प्राचार्य म्हणाले, तीन दरपत्रकं मागवा.
पहिलं यायच्या आत
सुलेखा मारबतेनं बापाची सुई आणली,
तळ्यावरच्या गाठी मारत मैदानात बसली,
एकेक घर मोजत,
एकही न चुकता.
सांख्यिकीत ती दोनदा नापास आहे.

निकालाचा रकाना मी पेन्सिलीनं भरलाय :
खेळाडू बारा, पास सहा, पाच जणींना ए.टी.के.टी.,
एकीचा निकाल राखून ठेवलेला.
दुपारी अर्थशास्त्राचा पेपर होता,
सकाळी काटोलला उपांत्य सामना,
दोन्ही तारखांवर शिक्का एकाच विद्यापीठाचा.
रोहिता सलामे म्हणाली,
पेपर पुन्हा येते जी, काटोल काई येत नाई.
मी तिला रागावले.
मग यादीत तिचं नाव घातलं, शाईनं.
हरलो. पाचवा सेट, तेरा–पंधरा.
परतीच्या एस.टी.त ती खिडकीला डोकं लावून झोपली
आणि भंडारा आला तरी उठली नाही.

राहिला हिशेब.
मंजुरी पूर्ण भाड्याची होती,
बायकांना तिकीट अर्धं.
जाऊन-येऊन एकीमागे दोनशे ऐंशी वाचले,
तेवढ्यातच नागपुरात गुडघ्यांची एक जोडी मिळते :
काळी, स्पंजाची, धुतली तर आटणारी.
बारा जोड्या घेतल्या. पावती जोडली.
लेखापरीक्षकांनी लाल शाईत विचारलं :
ही वस्तू खेळसाहित्य की औषधोपचार?
मी खाली लिहिलं : प्रवासखर्च.

अजून ते कागद परत आलेले नाहीत.

वाचनालय साडेपाचला बंद होतं, असं दारावर लिहिलंय.
चेंडू दिसेनासा झाला की पोरी आत येतात,
अंगाला माती, बामचा वास,
एका पंख्याखाली सातजणी.
सुलेखा मध्यमान काढते, खोडते, परत काढते.
"मॅडमजी, हे गाठीसारखं काऊन नाई जमत?"
मला माहीत नाही. मी मराठीची एम.ए.

७९६.३२५ रोहिताच्या नावावर आहे,
दोनशे अकरा दिवस.
दिवसाला एक रुपया दंड.
दर सोमवारी मी आकडा वाढवते वहीत,
आणि पुस्तक मागत नाही.