पायाखालची

चष्मा सोडला तो धुक्यापायी.
वालपाराइसोत सकाळचा समुद्र टेकडी चढून येतो
आणि काचांवर ठाण मांडतो.
बेचाळीस की सत्तेचाळीस, लिफाफ्यावरचं कळेना.
एकदा दोन्या एदेल्मिराच्या दारी
दुसऱ्याच कुणाच्या मरणाची तार दिली मी.

म्हणून डोळे देऊन आले.
त्यांनी डोळ्यावर एक कडं बसवलं,
ते बुबुळाला वर ओढून धरतं, दाबतं.
"थोडा वेळ अंधारेल, हलू नका."
सतरा वर्षं टपालात काढलीत,
सांगितल्या जागी थांबता येतं मला.
अंधारलं. केस जळल्यासारखा वास आला.
मग उजेड परतला.
सगळा परतला असंच वाटलं.

चौथ्या दिवशी
ताटातला अर्धा मासा दिसेना.
मी तर अजून काटाही उचलला नव्हता.

डॉक्टरांनी तक्ता वाचायला लावला.
शेवटची ओळ, बारीक मुंगीएवढी,
चष्म्याविना घडाघडा वाचली.
ते खूश. "पापुद्रा सुरेख बसलाय."
तक्ता भिंतीवर असतो.
भिंतीच्या खाली काय आहे, ते कुणी विचारत नाही.

सांतियागोच्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी
थेंब घालून थेट मागं पाहिलं, खूप वेळ.
नस जिथं डोळ्यात शिरते
तिथं म्हणे एक चकती असते, गुलाबीसर.
माझी वरून फिकी पडलीय,
पाण्यात भिजून वाळलेल्या तिकिटासारखी.
वरचं मेलं की खालचं जग जातं,
डोळ्यात सगळं उलटंच.
"त्या कड्याच्या दाबानं?"
"असेल." त्यांनी चष्मा पुसला.
स्वतःचा, जाड भिंगांचा.

आकाश शाबूत आहे. गॅलऱ्या, वाळत घातलेले कपडे,
बंदरातल्या क्रेनच्या माना,
घरांचे आकडे: सत्तेचाळीस, सत्तेचाळीसच.
फक्त पाय नाहीत मला.
ही वाट माझ्या पायाखालची,
असं किती फुशारकीनं सांगायचे मी.

आता पिशवी निबाल्दो वाहतो, भाचा.
मी पुढं चालते, मोजत.
एकशे एकसष्ट पायऱ्या,
त्यातली अठ्ठ्याऐंशीवी फुटकी.
ती नगरपालिकेनं मागच्याच महिन्यात बांधून काढली,
निबाल्दो रोज सांगतो.

मी तिथं अजून लांब टांग टाकते.