चौऱ्याण्णव डिग्री

कार्ड आनगोळहून आणलं, साडेचार हजारांना,
जुन्या बेडशीटमध्ये गुंडाळून, स्कूटरच्या डिकीतून.
'फक्त गेम खेळलोय वो, तेबी रविवारीच,'
प्रज्योत म्हणाला, माझ्याकडे न बघता.

कॉम्प्युटर त्याहून जुना.
शहापूरचं सायबर कॅफे बंद झालं तेव्हा
सात नंबरच्या केबिनमधून उचललेला.
कॅबिनेटवर तो सात अजून आहे, नेलपॉलिशने लिहिलेला.

बिर्जेंच्या लग्नाचा व्हिडिओ अक्षतांपर्यंत आलाय
आणि तिथंच अडकलाय.
अंतरपाट खाली, तांदूळ हवेत,
एकेक दाणा विचार करून खाली येतो.

ड्रायव्हर काढला, घातला.
पुन्हा काढला. जुना घातला, त्याच्याही आधीचा घातला.
कार्डाचे सोनेरी दात
मुलीच्या कंपासमधल्या स्ट्रॉबेरीच्या वासाच्या खोडरबरने घासले.
वरचा स्लॉट, खालचा स्लॉट, पुन्हा वरचा.
पेस्ट बदलली, वाटाण्याएवढी, सांगतात तेवढीच.
सहा पिनांची वायर उपसली, खोचली,
खोचताना देवाचं नाव घेतलं, कुठल्या ते सांगत नाही.

खडेबाजारातला तवनाप्पा फोनवर हसला:
'घोडा नवा, टांगा जुना. प्रोसेसर बदल की.'
प्रोसेसर बदलायचा तर बोर्ड,
बोर्ड बदलायचा तर रॅम,
आणि रॅमसाठी गावात आणखी तीन लग्नं ठरायला हवीत.

पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा आकडा चढत राहतो:
एक्क्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. चौऱ्याण्णव.
चौऱ्याण्णवला पोचलं की कार्ड आपणहून मंद होतं,
तव्यावरून बोट मागं घ्यावं तसं.

भिंतीपलीकडे शिवलीलाक्कांचे चार माग.
वडगावात भिंत म्हणजे आवाजाची चाळणी.
त्या दुपारी दोरा तुटला, त्यांनी तिसरा माग थांबवला
आणि गाठ मारायची सोडून माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.
'नोडोण,' म्हणाल्या.
त्या कानडीत सुरू करतात, मराठीत संपवतात,
रागावल्या की उलटं.
पडद्याकडे बघितलंही नाही.
वाकून कॅबिनेटला कान लावला.
'पंखा रडूलाय तुझा. कवापासनं?'

मला कधी ऐकूच आली नव्हती
ती बारीक किरकिर, मागांच्या खटखटीखाली दबलेली.
त्यांना ती त्याच खटखटीत बसून
पलीकडून ऐकू येत होती.

कार्ड उघडलं. वर माझीच धूळ,
मागावरून उडून आलेली, जांभळी, पोपटी.
तिच्याखाली करडी, कुणाच्या तरी कुत्र्याचे केस.
त्याखाली काळी, चिकट,
रात्रंदिवस चालणाऱ्या कुठल्याशा शेडमधली.
प्रज्योतचे रविवार बरेच लांब असावेत.

अक्कांनी नखाने स्टिकर सोलला.
मागाच्या तेलाच्या पिचकारीतून एक थेंब.
दुसरा टाकू गेलो तर मनगट धरलं.
पातं बोटाने फिरवून सोडलं,
ते फिरत राहिलं, आम्ही दोघं बघत राहिलो.
'जुनं झालं म्हणून काय कोरडं ठेवतात?'

बहात्तर.
रात्रभर बहात्तरच.
चमत्कार काही नाही. साठ फ्रेमींच्या जागी
अडतीस येतात, तवनाप्पाचा टांगा खराच जुना आहे.
पण तांदूळ आता तांदळासारखे पडतात.

अक्कांनी पैसे घेतले नाहीत.
म्हणाल्या, त्या नवरीला थांबव जरा. मोठी कर.
तोंड नको, काठ दाखव.
मी काठ मोठा केला, पडदाभर.
त्यांनी चष्मा वर सरकवला, खुर्ची पुढं ओढली.
'दुसऱ्या मागावरची. माघातली.
इथं बघ, एक धागा चुकलाय.
सांगू नको कुणाला.'