मंडी

खानापूर–बेळगाव, सकाळी सहा पन्नासची गाडी.
पहिल्या पायरीवर डावा पाय, मग उजवा त्याच्याच शेजारी,
लहान पोरं चढतात तशी.
मल्लप्पा आरशातून बघतो, बोलत काही नाही,
मी दांडी धरून नीट उभी राहीपर्यंत
शिट्टीची वाट बघतो.

काल डॉक्टर होसमनी म्हणाली,
मंडी नोवु एष्टु वर्षदिंद?
मी मांडी ऐकली, आणि हात तिथं ठेवला.
ती हसली. माझा हात उचलून
खाली गुडघ्यावर आणून ठेवला.
वीतभराचं अंतर. हितं तेवढंच चुकत आलंय.

अठ्ठ्याण्णव साल. खो-खो, आंतरजिल्हा, दुसरा डाव.
खांबाला हात लावून वळले,
अंग वळलं, पाय नाही वळला.
सोळा दिवसांनी अंकलगी डॉक्टरांनी गादी काढली.
सगळी.
बाटलीत घालून दाखवली,
ओल्या खोबऱ्याच्या कातळीसारखी, पांढरी, वाकडी.
म्हणाले, आता खुपायला काही उरलंच नाही,
महिन्यात पळशील.
महिन्यात नाही, चार महिन्यांनी पळले,
खोटं कशाला बोलू, सात वर्षं पळले.
खेळाडूंच्या कोट्यातली ही नोकरी, हा बिल्ला, ही पिशवी,
सगळं त्या बिनगादीच्या पायावर आलं.
त्यांना तेव्हा तेवढंच ठाऊक होतं. मला तेवढंही नाही.

होसमनीनं फोटो उजेडात धरला.
चांगल्या पायात काळी फट, बोटभर लांब.
दुसऱ्यात फट नाही. हाडावर हाड.
"गादी काढलेल्यांना पुन्हा टेबलावर यावं लागतं.
सगळ्यांना नाही हां. पण इतरांपेक्षा जास्त जणांना,
आणि लवकर."
लवकर म्हणजे?
"तुम्ही सत्तेचाळीस. साठीपर्यंत ढकलू या.
आत्ताच बदलला तर तो नवाही झिजेल,
आणि बदललेला बदलणं सोपं नसतं."
कागदावर लिहून दिलं, कन्नडात:
आठ किलो कमी, उकिडवं बसणं बंद,
मांडीला ताकद द्या.
ह्या वेळी मांडी म्हणजे मांडीच होती, मी विचारून घेतलं.

गल्लीतला शहाणा माणूस म्हणेल,
दोन हाडांमधली सीमा घासतेय, कविता कर.
नको रे बाबा.
कोगनोळीला गाड्या अडवल्या तेव्हा
मी पाच तास त्या गाडीत उभी होते.
सीमा नव्हती दुखत. गुडघा दुखत होता.

इदलहोंडला एक पोरगी चढली,
खांद्याला खेळाची पिशवी, गुडघ्याला पट्टा.
मशीनमधून शून्याचं तिकीट काढून हातात दिलं
आणि विचारलं, काय झालं?
"गादी फाटलीय, अक्का. एक डॉक्टर म्हणतो काढू,
एक म्हणतो शिवू. शिवली तर सहा महिने खेळ बंद.
काढली तर दिवाळीला मैदानात."
मागून कोणी ओरडलं, कंडक्टर, निट्टूरचे पैसे परत द्या.
मी दिले. परत तिच्याकडं आले, एकेका शिटेला धरत.
शिवता येत असेल तर शिव, म्हटलं.
नाहीच जमलं तर विचार, किती ठेवता येईल.
जेवढी राहील तेवढी ठेवून घे, बाई.
तिनं खिडकीबाहेर बघितलं.
एकोणिसाव्या वर्षी मीही असंच बघितलं असतं.

चौकात बसलं की समोर पळणारा दिसतो,
खो देणारा दिसत नाही.
कान मागं लावून बसायचं.
पंचावन्नला, साठला, की याच पावसाळ्यात,
माझ्या पाठीवर तळवा पडेल,
आणि उठावं लागेल, गुडघा असो नसो.

मच्छे आलं.
उतरताना उलटं असतं:
आधी दुखरा पाय.