अंगठा

दर्यापूरच्या दुय्यम निबंधक कार्यालयात
माझा अंगठा लागत नाही.

तिसऱ्यांदा दाबला. लाल दिवा.
बाबू म्हणतो, मावशी, पुसून ठेवा जरा.
मी पदराला पुसला,
गुणवंतानं त्याच्या रुमालाला पुसला,
दिवाकरनं बाटलीतलं पाणी ओतलं.
लाल.

सही येते मला, सातवी पास आहे मी.
पण सही कागदाला पुरते, यंत्राला रेघा पाहिजेत.
आणि माझ्या रेघा
कपाशीच्या बोंडांनी थोड्या थोड्या करून नेल्या,
लग्नाआधी सात हंगाम, नंतर तीस-बत्तीस.
पहिल्या गेल्या त्या ह्याच वावरात,
गट नंबर एकशे बारा, दोन हेक्टर चाळीस आर,
जे आज सोडून द्यायला आले.

कागद दिवाकरनं टाइप करून आणलाय.
त्यात मी दोन नावांची आहे:
पंचफुला महादेव बोबडे,
लग्नानंतरची पंचफुला श्रीराम काळमेघ.
आणि आम्ही दोघी मिळून
राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय,
काहीएक मोबदला न घेता.

मोबदला नाही कसा?
गुणवंताच्या पिशवीत दोन साड्या आहेत.
एक बाबाच्या वाट्याची, म्हणे, एक मायच्या.
मायच्या साडीवर चिठ्ठी राहून गेली आहे,
आठशे पन्नास.

जेवून या, बाबू म्हणाला,
हात गरम झाला की लागते.

मग ऑफिसच्या मागं, कडुनिंबाखाली,
माझ्या डब्यातल्या पोळ्या आणि आलूची भाजी.
दिवाकरनं लसणाच्या पाकळ्या बाजूला काढल्या,
गुणवंतानं न विचारता उचलून खाल्ल्या.
मायची तेरवी झाली त्या रात्री
गंज-परातीचा हिशेब करताना
ह्याच दोघांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला होता.

जेवल्यावर गुणवंतानं माझा अंगठा हातात घेतला,
उजेडाकडे वळवून पाहिला,
बाभळीचा काटा शोधायचा तसा.
"लय गुयगुयीत झाला वं बाई तुया अंगठा."
मी म्हटलं, "मले कागद वाचून दाखव. पुरा."

तो बोट ठेवून वाचतो. चौथीत सुटली त्याची शाळा,
बैलांमागं कोणीतरी पाहिजे होतं म्हणून.
गट नंबर नीट वाचला. चतुःसीमा वाचली,
पूर्वेस पांदण, उत्तरेस ढोक्यांचा धुरा.
राजी, म्हणाला.
थांबला.
खुशीनं.
मग बाटली तोंडाला लावली, कागदाची घडी केली.
"ऊन लागून रायलं," म्हणाला.
बसलो होतो सावलीत.

दुपारी हात गरम होता.
मलाच कळत होतं, लागेल आता.
बाबूनं काच पुसून दिली.
दिवाकर फोन ठेवून जवळ आला.
मी अंगठा जरासा आडवा ठेवला.

"सोमवारी या," बाबू म्हणाला, "दुसरं बोट घेऊन पाहू."
दिवाकर यंत्राला बोलला, सरकारला बोलला.
गुणवंत काही बोलला नाही.
त्यानं माझ्याकडे पाहिलं की काचेकडे,
नक्की सांगता येत नाही.

यष्टीत दिवाकरनंच पैसे दिले.
कंडक्टरनं मोजलं: दोन फुल, एक हाफ.
बायांचं अर्धं असतं आता.
तीन भावंडं, अडीच तिकिटं.
साड्यांची पिशवी गुणवंताच्या मांडीवर होती,
खड्डा आला की तिचं प्लास्टिक वाजायचं.

आपलं वावर सडकेलाच लागते.
ते आलं तसे तिघंही एकाच खिडकीकडे वाकलो.
तुरीला फूल धरलं होतं,
खालच्या अंगाला कापूस फुटून लोंबत होता.

"जमिनीवर पडून रायला," गुणवंत म्हणाला.
"सोमवारी तं वेचा लागन," मी म्हटलं.

दिवाकर म्हणाला, "सोमवारी तं ऑफिस आहे नं."

कोणी उत्तर दिलं नाही.
पांदणीच्या फाट्यावर मी बेल ओढली.